राजगिऱ्याची पेरणी कधी आणि नत्र किती: तारखेवरून खताचा हिशेब

राजगिरा लावायचं ठरलं की शेतकरी पहिला प्रश्न विचारतो तो युरियाचा. एकरी किती, एकदा द्यायचा की दोनदा? पण पेरणी कोणत्या तारखेला होणार हे कळल्याशिवाय या प्रश्नाला नीट उत्तर देता येत नाही. झाड किती वाढू शकेल याची हद्द तारखेनं ठरते, आणि नत्र (युरियातून मिळणारा नायट्रोजन) त्या हद्दीपर्यंतच काम करतं. उशीर झाल्यावर जास्त युरिया टाकून गेलेले दिवस भरून काढायचा प्रयत्न बरेच जण करतात. त्यातून पानं मिळतात, दाणा मिळत नाही. म्हणून या लेखात आधी तारीख, मग नत्र आणि शेवटी दोन्हींचा मेळ आपल्याच रानात कसा तपासायचा, अशा क्रमानं जाऊ.

इथं आपण महाराष्ट्रातल्या रब्बी राजगिऱ्याबद्दल बोलतोय. उत्तराखंडच्या डोंगरात हेच पीक चौलाई किंवा रामदाना म्हणून खरिपात घेतात, उन्हाळा सरता सरता पेरतात आणि पावसाळ्यानंतर काढतात. गुजरातच्या बनासकांठ्यात ते रब्बीचं मोठं नगदी पीक आहे. तिथल्या तारखा आणि खताच्या मात्रा उचलून इथं वापरल्या तर गणित बसत नाही.

तारखेचा एवढा फरक का पडतो

राजगिरा उष्ण प्रदेशातलं, सी-४ प्रकारचं, म्हणजे कडक उन्हात जोमानं अन्न तयार करणारं पीक आहे. मका, ज्वारी आणि ऊस याच गटातले. भरपूर ऊन आणि २५ ते ३५ अंश तापमान मिळालं की त्याची पानं झपाट्यानं वाढतात, थंडीत ती वाढ मंदावते. दुसरी गोष्ट, हे लहान दिवसाचं झाड आहे. दिवस आखूड झाले की ते कणसाकडे वळतं. त्या वेळी झाड कंबरेएवढं आहे की गुडघ्याएवढं, याची ते वाट बघत नाही.

आता आपल्याकडचा रब्बी हंगाम डोळ्यांसमोर आणा. ऑक्टोबरपासून दिवस लहान होत जातात आणि डिसेंबरअखेर आपल्या अक्षांशावर जेमतेम अकरा तासांचे राहतात. ऑक्टोबरच्या मध्याला पेरलेल्या झाडाला थंडी पडण्याआधी महिनाभर उबदार हवा मिळते. त्या महिन्यात ते पानांचा पसारा उभा करतं आणि मग कणीस टाकतं. नोव्हेंबरअखेर पेरलेलं रोप उगवतं तेच गारठ्यात. पानं हळू फुटतात, पण लहान दिवस त्याला फुलोऱ्याकडे ढकलत राहतात. लहान झाडावर लहान कणीस येतं आणि ते भरायच्या वेळी मार्चचं ऊन तापायला लागतं. दाणा पूर्ण भरण्याआधीच झाड वाळतं.

या एका कारणामुळे पंधरा दिवसांचा उशीर इथं हरभऱ्यापेक्षा जास्त महाग पडतो, असं माझं ठाम मत आहे.

पहिली पायरी: तारीख ठरवणं

पश्चिम महाराष्ट्र, नाशिक-नगर पट्टा आणि मराठवाड्याचा बागायती भाग धरून तारखांचा विचार असा करा.

हस्त नक्षत्रात, म्हणजे सप्टेंबरअखेर ते साधारण १० ऑक्टोबर, जमिनीत ओल आणि ऊब दोन्ही असतात. उगवण जोमदार होते. धोका परतीच्या पावसाचा. राजगिऱ्याचं बी इतकं बारीक आणि इतकं वर असतं की एका जोरदार सरीत ते वाहून जातं, नाहीतर जमिनीवर पापुद्रा धरतो आणि कोंब त्याखालीच मरतात. उबदार ओलीत रोपं कुजतात आणि पानं गुंडाळणारी अळीही याच काळात जास्त असते. पाण्याचा चांगला निचरा असलेली हलकी ते मध्यम जमीन असेल आणि पुढे पाण्याची टंचाई दिसत असेल, तरच एवढी लवकर पेरणी करावी.

चित्रा आणि स्वाती, म्हणजे साधारण १० ऑक्टोबर ते ५ नोव्हेंबर, हा खरा हंगाम. त्यातही ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा सर्वांत भरवशाचा. पीक ११० ते १२० दिवसांचं धरलं तर १५ ऑक्टोबरला पेरलेला राजगिरा डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात फुलोऱ्यात येतो, थंड कोरड्या हवेत दाणा भरतो आणि फेब्रुवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात काढणीला येतो. महाशिवरात्रीच्या सुमारास उपवासाच्या मालाला मागणी असते, तेव्हा नवा माल हातात असतो, हा वेगळा फायदा. जूनच्या मध्याला पेरलेलं लवकर येणारं सोयाबीन ऑक्टोबरच्या सुरुवातीला निघतं, त्यामुळे सोयाबीन-राजगिरा ही फेरपालटही याच तारखांत नीट बसते. मात्र सोयाबीन निघाल्यापासून पेरणीपर्यंत आठ-दहा दिवसच हातात राहतात, म्हणून मशागतीची तयारी आधीच करून ठेवा.

विशाखात, म्हणजे ६ ते २० नोव्हेंबर, पेरणी केली तर पीक येतं, पण घट धरून चालावं लागतं. काढणी मार्चमध्ये जाते. फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट आली तर उभं कणीस झोडपून निघतं. २०१४ साली याच दोन महिन्यांत गारपिटीनं राज्यभर रब्बी पिकांचं काय केलं ते बहुतेकांना आठवत असेल.

२० नोव्हेंबरनंतर राजगिरा पेरू नये असंच मी सांगेन. त्या रानात उशिराचा गहू किंवा पुढे उन्हाळी पीक घ्या. निफाडसारख्या भागात जिथं थंडीची लाट आली की पारा पाच-सहा अंशांपर्यंतही उतरतो, तिथं तर हा नियम मोडूच नका. राजगिऱ्याला दहिवर आणि कडाका सोसत नाही.

दुसरी पायरी: पेरणी अशी की झाडांची संख्या बरोबर येईल

नत्राचा हिशेब झाडांच्या संख्येवर उभा असतो. झाडं दाट राहिली तर दिलेलं नत्र बारीक, उंच, पडणाऱ्या खोडांत जातं. विरळ राहिली तर तण ते खातं.

हजार दाण्यांचं वजन साधारण ०.८ ग्रॅम. एक किलो बियाण्यात सुमारे साडेबारा लाख दाणे आले. एकरी ८०० ग्रॅम बी पेरलं तर दहा लाख दाणे जमिनीत जातात. ४५ बाय १५ सेंटीमीटर अंतरानं एकरात झाडं लागतात सुमारे साठ हजार. म्हणजे एका झाडाच्या जागी सोळा-सतरा दाणे पडतात. उगवण, मुंग्या आणि पापुद्रा यांत काही जातात, तरी विरळणीला पर्याय राहत नाही.

जमीन भुसभुशीत आणि सपाट करा, ढेकूळ ठेवू नका. बी चाळलेल्या कोरड्या बारीक वाळूत किंवा चाळलेल्या शेणखतात मिसळा. बी एक, मिश्रण आठ-दहा, असं प्रमाण ठेवलं की हातातून सारखं सुटतं. ४५ सेंटीमीटरवर उथळ काकऱ्या पाडून बी एक ते दीड सेंटीमीटरपेक्षा खोल जाणार नाही असं टाका आणि हलक्या हातानं झाका. दोन सेंटीमीटरच्या खाली गेलेलं बी वर येत नाही, कारण एवढ्याशा दाण्यात कोंबाला वर ढकलायला पुरेल इतका साठाच नसतो. शक्यतो वाफशावर, म्हणजे जमीन ओलसर पण चिकट नसताना, पेरा. पेरून पाणी द्यायचंच असेल तर तुषार सिंचनानं किंवा अगदी हळू द्या. मोकाट पाण्यानं बी सऱ्यांच्या टोकाला गोळा होतं.

वाणांमध्ये महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा फुले कार्तिकी आणि गुजरातचे जीए मालिकेतले वाण शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहेत. बियाणं कुठूनही घ्या, मूठभर हातावर पसरून बघा. पांढऱ्या दाण्यांत काळे चकचकीत दाणे दिसले तर ते रानमाठाचे किंवा काटेमाठाचे असण्याची शक्यता जास्त. रोपावस्थेत ही तणं राजगिऱ्यासारखीच दिसतात आणि खुरपणाऱ्याच्या नजरेतून सुटतात.

उगवणीनंतर १५ ते २० दिवसांनी विरळणी करा. जोमदार रोप ठेवा, दोन रोपांत १५ सेंटीमीटर अंतर. उपटलेली रोपं भाजी म्हणून विकता येतात, तेवढ्यासाठी विरळणीच्या आधी रासायनिक फवारणी टाळा. विरळणी लांबवून महिन्यावर नेली तर रोपं एकमेकांच्या सावलीत लांबतात. अशी झाडं पुढे युरिया मिळाल्यावर पहिल्या वाऱ्यात पडतात.

तिसरी पायरी: नत्राची मात्रा

आपल्याकडे बागायती राजगिऱ्याला हेक्टरी ६० किलो नत्र, ४० किलो स्फुरद (फॉस्फरस) आणि २० किलो पालाश (पोटॅश) ही मात्रा धरून चालतात. एकराच्या हिशेबासाठी अडीचनं भागलं की २४, १६ आणि ८ किलो. त्याचं पोत्यांत रूपांतर असं:

- युरियात ४६ टक्के नत्र असतं, म्हणून २४ किलो नत्रासाठी ५२ किलो युरिया. ४५ किलोच्या गोणीच्या हिशेबानं एक गोणी आणि वर सात किलो.
- स्फुरदासाठी १६ टक्क्यांचं सिंगल सुपर फॉस्फेट १०० किलो.
- पालाशासाठी म्युरेट ऑफ पोटॅश १३ किलो.
- सुपर फॉस्फेटऐवजी डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) वापरायचं असेल तर ३५ किलो पुरतं, पण त्यात सहा किलोच्या वर नत्र येतं. ते वजा केल्यावर पेरणीला फक्त १२ किलो युरिया आणि नंतर २६ किलो.

शेवटची नोंद महत्त्वाची आहे. डीएपी देऊन वर युरियाही पुरा देणारे बरेच असतात.

निम्मं नत्र पेरणीला, निम्मं ३० दिवसांनी विरळणी आणि खुरपणी झाल्यावर. यामागचं कारण झाडाच्या वाढीत आहे. पहिले तीन आठवडे रोप इतकं चिमुकलं असतं की त्याची नत्राची भूक नावालाच असते. तिसाव्या दिवसापासून साठाव्या दिवसापर्यंत पानं, खोड आणि कणीस एकाच वेळी वाढतात, तेव्हा ते नत्र ओढतं. सगळा युरिया पेरणीला दिला तर त्यातला बराचसा पाण्याबरोबर खाली जातो किंवा तण खातं. हलक्या जमिनीत तर मी पेरणीला एक तृतीयांशच देईन आणि उरलेला तिसाव्या आणि पंचेचाळिसाव्या दिवशी वाटून देईन.

दुसरा हप्ता देताना युरिया ओळीच्या बाजूला चार बोटं अंतरावर टाका आणि लगेच कोळपणीनं मातीआड करा, मग पाणी द्या. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत उघड्यावर पडलेल्या युरियाचा अमोनिया होऊन हवेत जातो. कोळपणीनं खोडाला मातीची भरही लागते आणि झाड पडायचं टळतं. पानं ओली असताना युरिया फेकू नका. राजगिऱ्याची पानं रुंद असतात, दाणे त्यांवर अडकतात आणि पान करपतं.

ही मात्रा सगळ्यांना सारखी नाही. माती परीक्षणात उपलब्ध नत्र हेक्टरी २८० किलोपेक्षा कमी आलं तर ते कमी समजतात. महाराष्ट्रातल्या बहुतेक जमिनी याच वर्गात येतात, म्हणून वरची मात्रा पूर्ण द्यावी. आधीचं पीक सोयाबीन, मूग किंवा उडीद असेल आणि एकरी दोन-तीन टन चांगलं कुजलेलं शेणखत पडलं असेल, तर पाचेक किलो नत्र कमी केलं तरी चालतं. ज्वारी किंवा मक्यावर राजगिरा घेत असाल तर कपात करू नका. त्यांची धसकटं कुजताना सुरुवातीला जमिनीतलंच नत्र अडकवून ठेवतात आणि रोपं पिवळी पडतात.

चौथी पायरी: तारीख आणि नत्र यांची सांगड

लवकर पेरलेलं पीक, म्हणजे हस्तातलं, आपोआपच उंच जातं. त्याला पेरणीच्या वेळी नत्र हात राखून द्या आणि बाकीचं झाडं डोळ्यांनी बघून. पाऊस थांबला, पानांचा हिरवा रंग फिका पडला, तर दुसरा हप्ता पूर्ण. रंग गडद आणि झाड गुडघ्याच्या वर असेल तर निम्मा. लवकर पेरणी आणि जास्त नत्र एकत्र आले की पीक सहा-सात फुटांवर जातं आणि कणसाचं वजन खोडाला पेलत नाही.

चित्रा-स्वातीतल्या पेरणीला नत्राचा पुरेपूर मोबदला मिळतो. पानांना ऊब मिळालेली असते, फुलोरा थंडीत येतो, दाणा भरायला वेळ असतो. पूर्ण मात्रा द्यायची तर इथंच द्या. कणसाची लांबी, फांद्या आणि दाण्यातली प्रथिनं यांवर नत्राचा परिणाम याच पेरणीत सर्वांत स्पष्ट दिसतो.

विशाखातल्या पेरणीला मी एकरी १८ किलो नत्र, म्हणजे ३९ किलो युरिया पुरेसा मानतो. झाड लहानच राहणार, तेव्हा उत्पादन झाडाच्या आकारातून येण्याऐवजी झाडांच्या संख्येतून काढावं लागतं. ओळींतलं अंतर ३० सेंटीमीटर करा, बी एक किलोपर्यंत वाढवा आणि दुसरा हप्ता तिसाव्या दिवसाच्या पुढे नेऊ नका. उशिरा दिलेलं नत्र कणीस हिरवं ठेवतं. वरचा भाग फुलत राहतो, खालचे दाणे पिकून गळायला लागतात आणि काढणी कधी करायची हेच कळेनासं होतं.

जास्त नत्राच्या खुणा शेतात ओळखता येतात. पानं काळपट हिरवी आणि लुसलुशीत होतात, कणसात मावा धरतो आणि फुलोरा चार-आठ दिवस लांबतो. शिवाय पाण्याचा ताण आणि जास्त नत्र एकत्र आलं की राजगिऱ्याच्या पानांत नायट्रेट साठतं. अशी पानं भाजीलाही नकोत आणि जनावरांनाही भरपूर घालू नयेत.

पाण्याबद्दल थोडक्यात: जमिनीप्रमाणे १२ ते १५ दिवसांनी चार ते सहा पाळ्या. दुसऱ्या हप्त्यानंतर, फुलोऱ्यात आणि दाणा भरताना पाणी चुकवू नका. पाण्याची सोय चारऐवजी दोनच पाळ्यांची असेल तर नत्रही निम्म्यावर आणा.

पाचवी पायरी: आपल्याच रानात पडताळा

शिफारस ही सरासरीवर बेतलेली असते, तुमची जमीन त्या सरासरीच्या वर असेल किंवा खाली. दहा-बारा गुंठ्यांत एक साधी चाचणी घेतली की पुढच्या अनेक वर्षांचा खताचा निर्णय सोपा होतो. मला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण युरिया इतका स्वस्त आहे की पैशांची भीती त्याला आवर घालत नाही. ४५ किलोची गोणी साधारण २७० रुपयांना येते. हेक्टरी ६० वरून ९० किलो नत्रावर जायला एकरी २६ किलो युरिया जास्त लागतो, म्हणजे फार तर दीड-पावणेदोनशे रुपये. दोन-तीन किलो राजगिऱ्यात ते वसूल होतात. खरा तोटा पीक पडण्यात, माव्यात आणि लांबलेल्या काढणीत असतो, आणि तो शेतात मोजल्याशिवाय दिसत नाही.

तीन तारखा घ्या: १० ऑक्टोबर, २५ ऑक्टोबर आणि १० नोव्हेंबर. प्रत्येक तारखेला नत्राचे चार स्तर: हेक्टरी शून्य, ३०, ६० आणि ९० किलो. प्रत्येकाची दोनदा पुनरावृत्ती. असे २४ वाफे होतात. अर्ध्या गुंठ्याचा, म्हणजे ५० चौरस मीटरचा वाफा धरला तर बारा गुंठे आणि बांधांची जागा.

एका तारखेचे चार वाफे एकत्र ठेवा, म्हणजे पाणी आणि कोळपणी सोपी जाते. त्यांच्यातला नत्राचा क्रम मात्र चिठ्ठ्या टाकून ठरवा. पाण्याच्या तोंडाकडे नेहमी जास्त खताचा वाफा आला तर फरक खताचा की पाण्याचा हे सांगता येणार नाही. दोन वाफ्यांत मीटरभर पट्टा मोकळा सोडा आणि पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात जाऊ देऊ नका.

एका वाफ्याला लागणारा युरिया असा: ३० किलोच्या स्तराला ३२५ ग्रॅम, ६० ला ६५० ग्रॅम, ९० ला ९७५ ग्रॅम. प्रत्येकाचे दोन सारखे हप्ते. सगळ्या वाफ्यांना सुपर फॉस्फेट सव्वा किलो आणि पोटॅश १६५ ग्रॅम. इथं डीएपी वापरू नका, नाहीतर शून्याच्या वाफ्यातही नत्र जाईल. वजन किराणा दुकानातल्या काट्यावर करून पुड्या आधीच बांधून ठेवा आणि त्यांवर वाफ्याचा क्रमांक लिहा.

वहीत एवढंच लिहा: उगवणीची तारीख, विरळणीनंतर एक मीटर ओळीतली झाडं, साठाव्या दिवशीची उंची, निम्मी झाडं फुलल्याची तारीख, पडलेली झाडं, काढणीची तारीख आणि दाण्याचं वजन.

वजनासाठी कडेच्या ओळी सोडा. मधल्या चार ओळी साडेपाच मीटर लांबीच्या घेतल्या की ४५ सेंटीमीटर अंतरावर जवळपास १० चौरस मीटर होतात. त्यातून एक किलो वाळलेला, साफ दाणा निघाला म्हणजे हेक्टरी १० क्विंटल, एकरी चार क्विंटल. बागायतीत हेक्टरी १२ ते १५ क्विंटल हे चांगलं पीक समजा. तिन्ही तारखांच्या वाफ्यांत ओळींचं अंतर सारखंच ठेवा. उशिराच्या पेरणीत ३० सेंटीमीटर करून बघायचं असेल तर तो वेगळा वाफा घ्या.

काढणीची वेळ प्रत्येक वाफ्याची वेगळी येईल, ती एकाच दिवशी उरकू नका. खालची पानं पिवळी पडली, कणीस तळहातावर चोळल्यावर दाणे सुटले आणि दाताखाली कडक लागले की कापा. ऊन चढण्याआधी कापलं तर गळ कमी. मळणी ताडपत्रीवरच करा. मातीच्या खळ्यात वाळूचे कण दाण्याएवढेच असतात आणि ते चाळणीनं किंवा उफणणीनं निघत नाहीत. लाह्या किंवा चिक्की करणारा व्यापारी असा माल परत पाठवतो. दाणा १० टक्के ओलाव्यावर आल्यावर वजन करा. ओल्या दाण्याचं वजन केलं तर जास्त नत्राचा वाफा उगीचच पुढे दिसेल, कारण तो उशिरा पिकलेला असतो.

आकडे समोर आले की आधी प्रत्येक तारखेच्या आत बघा. शून्यापासून ३०, ३० पासून ६० असं चढताना वजन किती वाढलं? जिथं वाढ थांबली किंवा दोन पुनरावृत्तींमधल्या फरकाएवढीच राहिली, तिथं त्या तारखेची मात्रा संपली. मग तारखांची तुलना करा. पहिल्या दोन तारखांत वाढ ६० पर्यंत टिकली आणि तिसरीत ३० लाच थांबली, तर उशीर झाल्यावर अर्धी गोणी युरिया घरातच ठेवायचा हे तुमच्या रानानं सांगितलं. शून्याच्या वाफ्यानं ६० च्या तीन चतुर्थांश वजन दिलं, तर जमिनीत शेणखताचा आणि सोयाबीनचा साठा चांगला आहे, पहिला हप्ता कमी करता येईल. आणि २५ ऑक्टोबरच्या ३० किलोच्या वाफ्यानं १० नोव्हेंबरच्या ९० किलोच्या वाफ्याला मागं टाकलं, तर पुढच्या वर्षी पैसे खतापेक्षा सोयाबीन वेळेत काढणाऱ्या मजुरांवर किंवा मळणीयंत्रावर घाला. दोन हंगाम ही चाचणी घेतली तर एका वर्षाच्या पावसाचा किंवा थंडीचा दोष निकालात राहत नाही.